मोटारीची मूळ प्रत

दिवाळी आठ दिवसांवर आली की माळ्यावरची समई, पंचपात्र आणि तांब्याचा बंब खाली उतरतात, आणि घराघरांत एक जुना वाद नव्याने सुरू होतो. एक पक्ष म्हणतो, चिंच लावून असे घासा की भांडे आजच तांबटाच्या दुकानातून आले आहे असे वाटले पाहिजे. दुसरा पक्ष, बहुधा वयाने वडील, म्हणतो की घासा, पण बेताने. त्या समईच्या दांड्यावर तीन पिढ्यांच्या हातांची झीज आहे, तिला धक्का लावू नका. वाद लहानसा असतो आणि चकलीच्या वासात तो विरूनही जातो. परंतु ह्याच वादापायी जगातली काही शहाणी माणसे आयुष्ये वेचतात, पिढीजात संपत्ती खर्ची घालतात, प्रसंगी न्यायालयाची पायरीही चढतात, असे सांगितले तर वाचकांना नवल वाटेल. त्यांच्या समईला चार चाके असतात, एवढाच काय तो फरक.

मी म्हणतो आहे ते जुन्या मोटारींचा जीर्णोद्धार करणाऱ्या मंडळींविषयी. पन्नास, सत्तर, शंभर वर्षांपूर्वीची गाडी घ्यावयाची, तिचा खिळा न् खिळा सुटा करावयाचा, आणि ती कारखान्याच्या दारातून ज्या दिवशी बाहेर पडली त्या दिवशी जशी होती, तंतोतंत तशी पुन्हा उभी करावयाची, हा त्यांचा ध्यास. साहित्याच्या अंकात, त्यातही टीकेच्या पानांवर, ह्या विषयाचे काय काम, असा प्रश्न कोणी विचारील. माझे उत्तर असे की, हा जीर्णोद्धार म्हणजे मुळात टीकाच आहे. लेखणीऐवजी पाना आणि कागदाऐवजी पत्रा एवढाच भेद. समोर आलेल्या प्रतीत मूळचे किती, मागाहून घुसडलेले किती, आणि गाळावे काय, राखावे काय, हे प्रश्न पोथी संपादणाऱ्याला पडतात तेच गाडी उघडून बसलेल्याला पडतात. म्हणून त्याच्या कामाची परीक्षाही टीकेच्या कसोटीवरच व्हावयास हवी.

आधी त्या ध्यासाची थोरवी सांगतो. कारण थोरवी न सांगता दोष सांगणे हे टीकाकाराला शोभत नाही. इंग्रजीत अशा गाड्यांना ‘व्हिंटेज’ म्हणतात. शब्द द्राक्षांच्या मद्याच्या धंद्यातला, अमुक एका हंगामाचे पीक अशा अर्थाचा. इंग्लंडातल्या रूढीप्रमाणे १९१९ ते १९३० ह्या काळातल्या गाड्यांनाच तो लावावयाचा; आपल्याकडे तो कोणत्याही जुन्या गाडीला सर्रास लावतात. ह्या गाड्यांचे नवे सुटे भाग दुकानात मिळत नाहीत. तेव्हा जीर्णोद्धारक जुन्या माहितीपुस्तिका धुंडाळतो, कारखान्याच्या नकाशांच्या प्रती मिळवतो, त्याच बनावटीच्या दुसऱ्या गाडीचे फोटो भिंग लावून पाहतो. बोल्टाच्या डोक्यावर कोणती खूण होती, वायरवर कापडी वेष्टण होते की रबरी, आसनाची शिवण इंचात किती टाक्यांची होती, ह्याची तो वर्ष वर्ष चौकशी करतो. ह्या चिकाटीला मी विद्वत्ताच म्हणेन.

ह्या विद्वत्तेचा उपयोगही मोठा आहे, कारण लोकांची आठवण फार लबाड असते. हेन्री फोर्डच्या ‘मॉडेल टी’ गाडीचेच उदाहरण घेऊ. ही गाडी १९०८ मध्ये बाजारात आली, १९२७ मध्ये तिचे उत्पादन थांबले, आणि मधल्या काळात तिच्या दीड कोटी प्रती निघाल्या. तिच्याविषयी शाळकरी पोरालाही एक गोष्ट ठाऊक असते, ती म्हणजे ही गाडी फक्त काळ्या रंगात मिळत असे. वास्तविक आरंभीच्या वर्षांत ती हिरव्या, लाल, करड्या आणि निळ्या रंगांत मिळे. काळ्या रंगाची सक्ती १९१४ पासून १९२५ पर्यंतची; शेवटच्या दोन वर्षांत इतर रंग पुन्हा आले. तेव्हा १९१० च्या गाडीला कोणी हौसेने काळा रंग दिला तर त्याने इतिहास जपला असे होत नाही. त्याने दंतकथेला मुलामा दिला असे होते. पितळेचेही तसेच. समोर लखलखीत पितळी रेडिएटर असावा असे प्रत्येकाला वाटते; पण १९१७ च्या गाडीपासून फोर्डने त्याचे पितळी कवच काढून काळे रंगवलेले कवच बसवले. १९२० च्या गाडीवर पितळ झळकत असेल तर ते मालकाच्या हौसेचे समजावे.

हौस ही मोठी लाघवी वस्तू आहे, आणि म्हणूनच ती फार नुकसान करते. आपल्याकडे लग्नाच्या वरातीसाठी भाड्याने मिळणाऱ्या काही जुन्या गाड्या वाचकांनी पाहिल्या असतील. मूळ आसनांच्या जागी लाल मखमल, दिव्यांना सोनेरी कडा, मडगार्डवर चमचमणाऱ्या पट्ट्या, आणि पुढे कोणत्या तरी भलत्याच गाडीची मूर्ती. वरातीची शोभा वाढते ह्याबद्दल माझी तक्रार नाही. परंतु ती गाडी आता कोणत्याच काळाची उरलेली नसते. अशा मनमानीला आवर घालणारा एक कडक दंडक हवा, आणि ‘कारखान्यातून निघाली तशी’ हा तो दंडक आहे. जीर्णोद्धारकाने स्वतःची आवड बाजूला ठेवावी, स्वतःला विसरावे, आणि दुसऱ्याच्या कृतीपुढे नम्र व्हावे अशी तो मागणी करतो. टीकाकाराकडूनही आपण ह्याहून वेगळे काय मागतो?

इथवर माझे ह्या मंडळींशी पूर्ण एकमत आहे. पण कोणताही दंडक टोकाला नेला की त्याच्यातले हास्य आणि कारुण्य दोन्ही दिसू लागतात. आपल्या कल्पनेतला कारखाना म्हणजे बिनचूक कामाचे माहेरघर. प्रत्यक्षातला कारखाना घाईत असतो. फोर्डच्या हायलंड पार्क कारखान्यात १९१३ मध्ये सरकत्या पट्ट्यावर गाडी जोडण्याची रीत सुरू झाली आणि चासी जोडावयास जिथे बारा तास लागत तिथे दीड तासात काम होऊ लागले. दीड तासात जोडलेल्या गाडीचा प्रत्येक सांधा मखरासारखा जमलेला असणार नाही, हे उघड आहे. मग जीर्णोद्धारकाने काय करावे? कारखान्याने जे वाकडे बसवले ते सरळ बसवावे की वाकडेच ठेवावे?

अमेरिकेत ‘कॉर्व्हेट’ नावाच्या क्रीडागाडीच्या जीर्णोद्धारकांची एक संस्था १९७४ पासून काम करते आहे. तिच्या परीक्षकांनी ह्या प्रश्नाचे उत्तर निःसंदिग्ध दिले आहे. गाडी कारखान्यातून निघाली त्याहून वाईट असता कामा नये, आणि त्याहून चांगलीही असता कामा नये. रंग अधिक गुळगुळीत झाला की गुण गेले. म्हणून ही मंडळी तळाच्या भागावर मुद्दाम रंगाचे शिंतोडे उडवतात. कारखान्यातल्या तपासनिसांनी खडूने केलेल्या खुणा पुन्हा तशाच वेड्यावाकड्या काढतात. पत्र्याऐवजी काचतंतूंचे असलेले त्या गाडीचे अंग जोडताना राहिलेली ओबडधोबड फट काळजीपूर्वक ओबडधोबड राखतात. एखाद्या कामगाराने सुटीची घंटा व्हावयाच्या बेतात घाईघाईने मारलेली रेघ, आणि ती हुबेहूब यावी म्हणून चाळीस वर्षांनी एक प्रौढ मनुष्य चार रविवार सराव करतो! पोथीतला लेखनिकाचा हस्तदोष मोत्यासारख्या अक्षरात उतरवून काढण्यासारखेच हे झाले.

मला ह्याचे हसू येते, पण मी त्याची टवाळी करणार नाही. कारण ह्या हट्टामागे एक खरी गोष्ट आहे: त्या अनामिक कामगाराचा हात त्यांना जपावयाचा आहे. अडचण एवढीच की, जी रेघ त्याने मारली होती ती पुसली गेली आणि आता आहे ती दुसऱ्याने मारलेली आहे. पहिली रेघ पुरावा होती. दुसरी अभिनय आहे. अभिनय उत्तम असेल, पण नटाने वठवलेला शिवाजी म्हणजे शिवाजी नव्हे, हे प्रेक्षकाने विसरून चालत नाही. आणि बाजार ते मुद्दाम विसरावयास लावतो. मूळ इंजिन असलेल्या गाडीला किंमत अधिक येते, म्हणून दुसऱ्याच इंजिनावर मूळचा क्रमांक नव्याने ठोकणारे कारागीर निर्माण झाले. आणि ती लबाडी ओळखणारे तज्ज्ञही. एकदा मूळपणाला भाव आला की मूळपणाच्या नकलेचाही धंदा उभा राहतो, हे जुन्या मूर्ती आणि चित्रांच्या बाबतीत आपण पाहिलेच आहे.

आता दुसरा प्रश्न: कारखान्याची मूळ प्रत म्हणावयाची, तर कोणत्या कारखान्याची? फोर्ड किंवा शेव्हरोलेटचे ठीक आहे, असे वाटते. पण रोल्स-रॉइससारख्या गाडीचे काय? दुसऱ्या महायुद्धापर्यंत रोल्स-रॉइसचा कारखाना इंजिन आणि चासी बनवून देई. वरचे अंग गिऱ्हाइकाने आपल्या पसंतीच्या गाडीघडव्याकडून, हूपर किंवा बार्कर ह्यांच्यासारख्या पेढीकडून, घडवून घ्यावयाचे. पूर्वी गावात कापड एका दुकानातून घेऊन अंगरखा दुसऱ्या शिंप्याकडे शिवत, तसाच हा प्रकार. आपल्या संस्थानिकांनी मागवलेल्या कित्येक गाड्या अशाच घडल्या. आणि काहींचे अंग तर दहा-पंधरा वर्षांनी उतरवून नवे चढवले गेले. त्यांतले मूळ कोणते?

आणि शेव्हरोलेटचेही दिसते तितके सरळ नाही. जनरल मोटर्स कंपनीने १९२८ मध्ये मुंबईत शिवडी येथे कारखाना काढला. परदेशातून लाकडी खोक्यांत भरून आलेले भाग तिथे जोडले जात आणि गाडी तयार होऊन बाहेर पडे. १९५४ मध्ये हा कारखाना बंद झाला. तेव्हा आपल्या आजोबा-पणजोबांनी हौसेने घेतलेली शेव्हरोलेट बहुधा डेट्रॉइटच्या हवेत नव्हे, तर शिवडीच्या खाऱ्या वाऱ्यात, मुंबईच्या कामगारांच्या हातांनी पुरी झाली होती. तिचा जीर्णोद्धार करणारा मात्र बहुधा अमेरिकेतली पुस्तिका मागवतो आणि तिच्याबरहुकूम एकेक गोष्ट ‘सुधारतो’. अमेरिकन पुस्तिकेशी न जुळणारी बाब चूकच असली पाहिजे, असे तो धरून चालतो. ती चूक नसून शिवडीचा पाठ असेल, अशी शंकाही त्याच्या मनाला शिवत नाही.

तिसरा प्रश्न सर्वांत अवघड: गाडीच्या आयुष्यातला कोणता क्षण मूळ मानावयाचा? ह्याचा निवाडा करण्याची वेळ १९९० मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयावर आली. गाडी होती ‘ओल्ड नंबर वन’ ह्या नावाने गाजलेली बेंटली स्पीड सिक्स. फ्रान्समधल्या ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षे ती पहिली आली. पुढे शर्यतीसाठी तिच्यात एकामागून एक बदल होत गेले. १९३२ पर्यंत तिच्यात आठ लिटरचे मोठे इंजिन बसले होते. त्याच वर्षी ब्रुकलँड्सच्या शर्यतमार्गावर अपघात होऊन तिचा चालक क्लाइव्ह डनफी मरण पावला. नंतर तिला बंद छपराचे नवे अंग मिळाले. साठ वर्षांनी ती विकावयाचे ठरले ते एक कोटी पौंडांना. खरेदीदार कंपनीने ऐन वेळी हात आखडता घेतला. तिचे म्हणणे असे की, ही ती गाडीच नव्हे; ल मान्सला धावलेल्या गाडीतले हिच्यात उरले आहे तरी काय?

आणि खरोखरच फारसे उरले नव्हते. १९३० च्या गाडीतले बोटांवर मोजता येतील एवढेच भाग. तरीही न्यायमूर्ती ऑटन ह्यांनी निकाल विक्रेत्याच्या बाजूने दिला. त्यांच्या विवेचनाचा आशय असा की, ही गाडी जशीच्या तशी राहिलेली नाही हे खरे. पण ती कधी मोडून नाहीशीही झाली नाही. एका बदलातून दुसऱ्या बदलात तिचे आयुष्य अखंड चालत आले, आणि ‘ओल्ड नंबर वन’ ह्या नावावर हक्क सांगू शकेल अशी दुसरी गाडी जगात नाही. म्हणून ती अस्सल आहे.

हा निकाल मी कायद्याचा म्हणून वाचत नाही, टीकेचा म्हणून वाचतो. आणि तो मला फार मोलाचा वाटतो. मूळपणा दोन प्रकारचा असतो हे त्यात स्वच्छ सांगितले आहे. एक मूळपणा द्रव्याचा: तोच पत्रा, तेच लोखंड, तोच रंग. दुसरा मूळपणा परंपरेचा: हातातून हातात, दुरुस्तीतून दुरुस्तीत, पण मध्ये खंड न पडता चालत आलेल्या आयुष्याचा. गोदावरीचे पाणी कालचे आज नसते, म्हणून नाशिकची गोदावरी खोटी ठरत नाही. कारखान्याच्या दंडकाची मर्यादा इथे कळते. तो पहिला मूळपणा ओळखतो. दुसरा त्याला दिसतच नाही. त्याच्या दृष्टीने गाडीचे आयुष्य एकच दिवसाचे, जन्माच्या दिवसाचे. त्यानंतर जे काही झाले ते सगळे मळ, आणि मळ खरवडून काढावयाचा असतो.

हा विचार केवळ तात्त्विक राहू नये म्हणून एक पाहिलेली गोष्ट सांगतो. गेल्या वर्षी पुण्यातल्या एका गॅरेजात १९३४ ची एक शेव्हरोलेट उघडून ठेवलेली मी पाहिली. त्या काळच्या गाड्यांत पत्र्याखाली लाकडी सांगाडा आणि पायाखाली लाकडी फळ्या असत. ह्या गाडीच्या मूळ फळ्या केव्हाच कुजल्या होत्या. त्यांच्या जागी कोणी सुताराने सागवानी फळ्या बसवल्या होत्या, आणि त्याही अशा बेमालूम की स्क्रू काढीपर्यंत शंका आली नव्हती. फळी उलटी केली तेव्हा खाली पेन्सिलीने मोडीत काही मापे लिहिलेली आढळली. इंजिनाच्या एका नळीवर तांब्याची पट्टी वळवून झाळलेली होती. परदेशी माल येणे बंद असताना कोणा मिस्त्रीने केलेली ती तजवीज असावी. मालक सज्जन आणि अभ्यासू. त्यांच्या हातात अमेरिकेहून आणवलेली यादी होती. यादीप्रमाणे फळ्या चुकीच्या, पट्टी चुकीची, आणि दोन्ही त्याच दुपारी भंगाराच्या ढिगाकडे निघाल्या होत्या.

त्या फळीखालची मोडी अक्षरे पाहताना मला जे वाटले तोच ह्या लेखाचा गाभा आहे. अमेरिकेतल्या कामगाराची खडूची रेघ पुन्हा काढण्यासाठी चार रविवार घालवणारी दृष्टी, आपल्याच गावच्या सुताराची पेन्सिलीची रेघ भंगारात टाकावयास तयार होते, हे कसे? पहिली रेघ यादीत आहे आणि दुसरी नाही, एवढ्याचसाठी ना? पण ती गाडी भारतात इतकी वर्षे चालली ती कोणाच्या जोरावर? कारखान्याने तिला जन्म दिला; जगवली ती ह्या सुतारांनी, लोहारांनी आणि मिस्त्र्यांनी. सुटा भाग नाही म्हणून हातावर हात ठेवून न बसता, कानसीने घासून, पितळ ओतून, दुसऱ्या गाडीचा भाग बेताने बसवून त्यांनी ती चालती ठेवली. त्यांची नावे कोणत्याही पुस्तिकेत नाहीत. त्यांनी लिहिलेला एकुलता एक ग्रंथ म्हणजे ती गाडी. आणि आपण जीर्णोद्धाराच्या नावाखाली त्यातली नेमकी त्यांचीच पाने फाडतो.

मग काय, फळ्या तशाच ठेवावयाच्या, गळकी नळी तशीच गळू द्यावयाची, आणि कारखान्याचा दंडक फेकून द्यावयाचा? मुळीच नाही. दंडक फेकला की मखमल आणि सोनेरी पट्ट्या परत आल्याच. ह्या पेचातून वाट कशी काढावी, हे मात्र आपल्याला परदेशातून शिकावयाचे कारण नाही. आपल्या घरी ती वाट केव्हाच आखली गेली आहे. एकनाथ महाराजांनी १५८४ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. तीनशे वर्षांत नकलाकारांच्या हातून शिरलेले अपपाठ काढून टाकले. त्या उपकारातून महाराष्ट्र कधीही उतराई होणार नाही. पण त्यांनी गाळले ते काय होते, हे आज आपल्याला त्यांच्या प्रतीवरून कळत नाही. म्हणून इतिहासाचार्य राजवाड्यांना एकनाथांच्या आधीच्या पाठाचा शोध घ्यावासा वाटला, आणि १९०९ मध्ये त्यांनी तशी म्हणून एक प्रत छापून काढली. शुद्धीकरण उत्तम असले तरी त्यामागचा पुरावा नाहीसा होतो, हा धडा त्यातून घ्यावयाचा.

तो धडा पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने पुरता घेतला. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९१९ मध्ये सुरू झाले आणि १९६६ मध्ये पुरे झाले. बाराशेहून अधिक हस्तलिखिते त्यासाठी तपासली गेली. प्रमुख संपादक विष्णु सीताराम सुखटणकर ह्यांचे मोठेपण मला दोन गोष्टींत दिसते. एक म्हणजे, आपण सिद्ध केलेला पाठ हा प्रत्यक्ष व्यासांच्या मुखातला पाठ आहे असा दावा त्यांनी केला नाही. उपलब्ध पोथ्यांवरून मागे जेवढे जाता येते तेवढे आपण गेलो, इतकेच त्यांचे म्हणणे. आणि दुसरी म्हणजे, जे श्लोक त्यांनी वर घेतले नाहीत ते फेकलेही नाहीत. प्रत्येक पाठभेद पानाच्या तळाशी आहे, मोठे उतारे परिशिष्टात आहेत, कोणत्या पोथीत काय आहे ह्याची नोंद आहे. उद्या एखाद्या अभ्यासकाला संपादकाचा निर्णय चुकला असे वाटले तर त्याला परत जाण्याचा रस्ता मोकळा आहे.

मोटारीलाही तळटीप हवी, एवढेच माझे मागणे आहे. कुजलेले लाकूड बदला, पण काढलेली फळी कापडात गुंडाळून, चिठ्ठी लावून ठेवा. गाडी उघडण्याआधी तिचे सर्व बाजूंनी फोटो घ्या. कोणता भाग जुना, कोणता नवा, कोणता कोणी केव्हा घडवला, ह्याची वही ठेवा. नव्या भागावर कोपऱ्यात बारीकशी खूण करा, म्हणजे पन्नास वर्षांनी उघडणाऱ्याची फसगत होणार नाही. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२ मध्ये जी ‘तुरिनची सनद’ मान्य केली तिचा सूरही ह्याच दिशेचा आहे. शक्य तितके राखा, लागेल तेवढेच बदला, बदललेल्याची नोंद ठेवा; आणि गाडीच्या आयुष्यात झालेल्या बदलांनाही इतिहास म्हणून मान द्या. आपल्या केंद्र सरकारने २०२१ मध्ये केलेल्या नियमांत पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूपात जपलेल्या गाड्यांना वेगळी नोंदणी मिळते. चासी, सांगाडा किंवा इंजिन ह्यांत मोठी उलथापालथ झालेली नसावी अशी त्यात अट आहे. अट योग्यच आहे. परंतु मूळ स्वरूप म्हणजे काय, हे नियमाच्या एका ओळीत मावत नाही. ते प्रत्येक गाडीपाशी बसून, तिचे ऐकून ठरवावे लागते.

आणि जाणकारांची अभिरुचीही बदलते आहे, हे आनंदाने नोंदवतो. कॅलिफोर्नियातल्या पेबल बीच येथे १९५० पासून जुन्या गाड्यांची प्रदर्शन-स्पर्धा भरते. तिथे दीर्घकाळ चकचकीत जीर्णोद्धारांचेच राज्य होते. आरशासारखा रंग, डाग नाही, ओरखडा नाही. २०२४ मध्ये मात्र तिथला सर्वोच्च मान १९३४ च्या एका बुगाटी टाइप ५९ गाडीला मिळाला. एके काळी बेल्जमच्या राजाकडे असलेली ही गाडी जीर्णोद्धार न झालेली, वयाच्या खुणा अंगावर वागवणारी. अशा जपलेल्या गाडीला तो मान मिळण्याची ती पहिलीच वेळ. नव्यासारखी दिसणारी जुनी गाडी पैसा आणि चिकाटी ओतून केव्हाही करता येते. जुन्यासारखी दिसणारी जुनी गाडी मात्र कोणालाही, कितीही पैसे देऊन करता येत नाही. ती फक्त राखता येते, किंवा गमावता येते.

हा प्रश्न काही श्रीमंतांच्या बुगाटीपुरता नाही. कुर्ल्याच्या कारखान्यात जन्मलेली फियाट, जी पुढे ‘पद्मिनी’ ह्या नावाने घराघरांत शिरली, तिची काळी-पिवळी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबर अखेरीस मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाली. आणखी काही वर्षांनी तिचेही जीर्णोद्धार होतील. प्रदर्शनात ती मांडली जाईल. त्या वेळी जीर्णोद्धारक तिला कारखान्याच्या यादीप्रमाणे मूळ रंगात, कोऱ्या आसनांसह उभी करील, आणि त्याला बक्षीसही मिळेल. पण डॅशबोर्डावर चिकटवलेला गणपती, छतावर सामान बांधावयाची सळयांची चौकट, बॉनेटबाहेर बसवलेले आणि हाताने झेंडा पाडावयाचे ते मीटर, मागच्या आसनावर चढवलेले फुलाफुलांचे कापड, हे सगळे यादीत नाही म्हणून काढून टाकले, तर त्याने मुंबईची टॅक्सी जपली असे मी म्हणणार नाही. त्याने कुर्ल्याच्या कारखान्याची एक दिवस वयाची गाडी जपली, एवढेच म्हणेन. तेही काम मोलाचे आहे. फक्त ते एकच काम आहे असे समजू नये.

त्या पुण्याच्या मालकांविषयी सांगावयाचे राहिले. त्यांनी फळ्या बदलल्या. बदलणे भागच होते. पण जुन्या फळ्या भंगारात गेल्या नाहीत. मोडी वाचणाऱ्या एका गृहस्थांना बोलावून त्यांनी ती अक्षरे वाचून घेतली. मापांच्या शेवटी, जिथे पोथीत लेखक आपले नाव घालतो तिथे, सुताराने फक्त हिशेब मांडला होता: लाकूड इतके, स्क्रू इतके, मजुरी इतकी. नाव नव्हते. त्या आकड्यांची नक्कल आता गाडीच्या वहीत पहिल्या पानावर आहे, कारखान्याच्या यादीच्याही आधी. मूळ प्रत म्हणतात ती माझ्या मते तिथून सुरू होते.